गाडग्यावरची गेरूची रेघ

भैरवनाथाची शपथ घेऊन सांगते, माझ्या तोंडात उरलेल्या चार दातांची शपथ घेऊन सांगते, आन् तेवढ्यानं भागत नसेल तर तापल्या तव्यावर हात ठेवून सांगते: यातला शब्द न् शब्द खरा आहे. गाव मला थापाडी म्हणतं. म्हणू द्या. भोसरीच्या विहिरीत मगर हाय असं मी एकदा सांगितलं होतं, तर शहाणीसुरती माणसं अजून त्या विहिरीत वाकून बघतात. पण ही गोष्ट मगरीची नाही. शालनबाईनं एका रेघेपायी जिवाभावाची मैत्रीण घालवली, त्याची आहे.

शालनबाई म्हणजे आबाजींची बायको. आबाजींची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, तेव्हापासून ते ओट्यावर बसून, जिथं आपली ज्वारी डुलायची तिथल्या धुराड्याकडं बघत राहायचे. शालनबाईला बसणं ठाऊक नव्हतं. आवाज तर असा, की तिनं म्हशीला हाक मारली की नाशिक रस्त्यावरचा ट्रक ब्रेक लावायचा. आबाजी म्हणायचे, "देवानं हिला गळा देताना माप इसरलं."

तिच्या परड्याला लागून रहिमानचं घर. रहिमान एका लहानशा वर्कशॉपमध्ये लेथवर होता. त्याची बायको ताजुन्निसा. मधली भिंत कमरेएवढी, आन् त्या भिंतीवरून वीस वर्षं वाट्या इकडून तिकडं जात होत्या. कधी कालवण, कधी नुसतं विरजण, कधी काहीच नाही तर गावातली बातमी. ताजुन्निसा अंगानं भरलेली, गोरीपान, आन् जिभेला शालनबाईच्या तोडीस तोड. बहात्तर साली दिवाळी आन् ईद एकाच आठवड्यात आली. शालनबाईनं भिंतीवरून करंज्या दिल्या, ताजुन्निसानं शिरखुर्मा. शालनबाई वाटी चाटूनपुसून म्हणाली, "ताजू, तुजा देव माज्या देवापरास गोडखाऊ हाय."

"न्हाई आक्का," ताजुन्निसा म्हणाली, "माज्या देवाची शेजारीण खादाड हाय."

हा शिरखुर्मा ध्यानात ठेवा. शालनबाईनं ठेवला असता तर फार बरं झालं असतं.

त्याच साली पावसानं तोंड फिरवलं होतं. त्र्याहत्तर उजाडलं तसं चाकणच्या वरच्या अंगाची गावंच्या गावं खडी फोडायला रस्त्यावर आली. रेशनवर परदेशी लाल ज्वारी, मिलो, मिळायची, तिची भाकरी थापता थापता तुटायची. आपल्याकडं जनसेवा क्लब म्हणून होता. कंपन्यांमधले साहेब, एक डॉक्टर, पिंपरीचे दोन-तीन दुकानदार. आधी डोळे तपासायची शिबिरं घ्यायचे, शाळेत वह्या वाटायचे, झाडं लावून त्यांच्याशेजारी फोटो काढायचे. दुष्काळ पडला तसं त्यांनी चाकण रस्त्याला, खडीच्या कामाशेजारी, पेजेचं केंद्र उघडलं. नाटकाची तिकिटं खपवून मोठी पातेली आली, ताडपत्री आली. पण पातेल्यात घालायचं काय?

क्लबातल्या बायकांच्या पुढारी कुसुमताई. नवरा कंपनीत मोठा अधिकारी, ह्या स्वतः गाडीतून यायच्या, पण मनानं साध्या. शाळेच्या पायऱ्यांवर त्यांनी गावातल्या बायका बोलावल्या आणि म्हणाल्या, "पैसे नकोत. धान्य कसं गोळा करावं, तेवढं तुम्ही सांगा. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

अंबुबाई तिथं बसली होती. गावात तिच्याहून म्हातारं फक्त पिंपळाचं झाड. ती म्हणाली, "मूठ काढायची. चूल पेटवायच्या आदी मूठभर दानं गाडग्यात टाकायचं. गाडग्याचं तोंड फडक्यानं बांदायचं. न्यायला येईल तिनं तोंड फिरवून पोत्यात रिकामं करायचं. कुनी किती टाकलं ते देनाऱ्यानं बी बगायचं न्हाई आन् नेनाऱ्यानं बी न्हाई."

"आणि एखादीला मधेच अडचण आली तर?" कुसुमताईंनी विचारलं.

"तर टाकू नये. कोन बगतंय? पन एकदा टाकलेली मूठ परत घरात घ्यायची न्हाई. ती देवाची झाली."

ताजुन्निसा मागं बसली होती. ती म्हणाली, "आमच्यात बी असंच हाय. अल्लाच्या नावानं काढलं ते काढलं."

झालं. कुंभारवाड्यातून गाडगी आली, घरोघर एकेक गेलं. शालनबाईच्या गल्लीचं काम शालनबाईकडं. दर शनिवारी ती पोतं घेऊन फिरायची, तोंड फिरवून गाडगी रिकामी करायची. महिनाभर असंच चाललं.

मग एका दुपारी ती पेज वाढायला केंद्रावर गेली. रांग रस्त्याच्या वळणापलीकडं गेलेली. पातेलं मधेच संपलं. एक म्हातारा पुढं आला, आपलं जर्मनचं ताट तिच्यासमोर धरून उभा राहिला. "संपली बाबा," ती म्हणाली. तो ताट तसंच धरून उभा. मग ताट उन्हात तापलं म्हणून त्यानं ते सदऱ्यात गुंडाळलं आन् गेला. शालनबाईला त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.

"लोकं मूठ टाकत न्हाईत," ती आबाजींना म्हणाली. "बोटं टाकतात."

"तुला काय ठावं? तू तर तोंड फिरवतीस."

"तेच तर चुकतंय."

दुसऱ्या दिवशी तिनं गेरू कालवला आन् काडीला चिंधी गुंडाळून घरोघर निघाली. प्रत्येक गाडग्याला, आतून आन् बाहेरून, गळ्याच्या खाली चार बोटांवर तांबडी रेघ ओढली. म्हणाली, आठवड्याला दाणे रेघेला लागले पायजेत. ज्यांचे लागतील त्यांची नावं शनिवारी शाळेच्या पायऱ्यांवरून मी वाचीन. कुसुमताईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण शालनबाईनं त्या म्हाताऱ्याचं ताट सांगितलं तसं त्यांनी हो म्हटलं. अंबुबाई मात्र म्हणाली, "शालन, देवाला रेघ कशाला?"

"देवाला न्हाई आत्या, गल्लीला."

आन् खरं सांगायचं तर, रेघेनं काम केलं. पहिल्याच शनिवारी पोतं दोघींनी उचलावं लागलं. शालनबाई पायऱ्यांवर उभी राहून नावं अशी वाचायची, की पलीकडच्या तालमीतले पैलवान डाव सोडून ऐकायचे. नाव आलं की बाई पदर सावरायची. न आलं की दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कुणी तरी खोकायचं. आपली गल्ली पहिली यायला पायजे, हे शालनबाईच्या डोक्यात बसलं. भुकेल्यांसाठीच बसलं होतं, ते मी नाकारत नाही. पण नाव वाचताना तिची मान जी ताठ व्हायची, ती काही भुकेल्यांसाठी नव्हती.

तिसरा का चौथा शनिवार. शालनबाई ताजुन्निसाच्या दारात, सोबत गल्लीतल्या चार जणी. गाडगं रेघेला लागलेलं. तिनं ते पोत्यावर उपडं केलं आन् दाण्यांमागून खणकन काही तरी पडलं. जर्मनची वाटी. कडेला पोचा आलेली. भिंतीवरून वीस वर्षं येत-जात असलेली वाटी, शालनबाईच्या ओळखीची. गाडग्याच्या तळाशी पालथी घातलेली होती. वर दोन-तीन मुठी मिलो.

आता, दुसरी बाई असती तर तिनं वाटी उचलून पदराखाली घेतली असती. पण शालनबाईच्या जिभेला थांबणं ठाऊक नव्हतं. "अगं बया," ती म्हणाली, "ताजूच्या गाडग्याला पोर झालं की."

बायका खदखदून हसल्या. ताजुन्निसाही हसली. सगळ्यांच्या वरताण हसली आन् म्हणाली, "व्हय, आन् बापावर गेलंय, पोचं पडलेलं." शालनबाईला वाटलं, बघा, हिला काहीच वाटलं नाही.

पायऱ्यांवर नावं वाचता वाचता ती ताजुन्निसाच्या नावाशी आली, थोडी थांबली आन् म्हणाली, "ताजुन्निसा रहिमान. वाटीसकट."

सगळं पटांगण हसलं. कुसुमताईंना कळलं नाही, त्यांनी शेजारणीला विचारलं, आन् कळल्यावर त्याही हसल्या. पुढं गावात तो शब्दच पडला. कुणी दुधात पाणी घातलं की वाटीसकट. कुणी जावयाचं कौतुक जरा जास्त केलं की वाटीसकट. ताजुन्निसा नळावर आली की पोरी कोपरानं एकमेकींना ढोसायच्या.

त्या दोन-तीन मुठी कुठून आल्या होत्या, ते कुणी विचारलं नाही.

विचारलं असतं तर कळलं असतं, की विजेची कपात सुरू झाल्यापासून रहिमानचं वर्कशॉप बंद पडलं होतं. रहिमाननं ते गल्लीला कळू दिलं नव्हतं. रोज सकाळी पहिल्या शिफ्टच्या वेळेला तो डबा घेऊन निघायचा. पिंपरीपर्यंत चालत जायचा, या गेटावरून त्या गेटावर उभा राहायचा, आन् शिफ्ट सुटायच्या वेळेला परत यायचा. शालनबाई सडा टाकता टाकता त्याला बघायची. त्याच्या हातात डबा खडखड वाजायचा. भरलेला डबा वाजत नाही, हे वर्षानुवर्षं शेतावर डबे पोचवलेल्या बाईला कळायला पायजे होतं. ती म्हणायची, "रहिमानभाऊ, टायमाचे पक्के हां तुमी," आन् तो मान हलवून जायचा.

पुढच्या शनिवारी ताजुन्निसाचं गाडगं रेघेला लागलं होतं. वाटी नाही, खडा नाही, निव्वळ दाणे. त्याच्या पुढच्या शनिवारी रेघेच्या वर. शालनबाईनं हात घालून तळ चाचपला, सगळ्यांसमोर, आन् म्हणाली, "आता कसं. लाज वाटली म्हंजी मानूस सुदारतं." नाव खणखणीत वाचलं. ताजुन्निसानं पदर सावरला.

त्याच सुमाराला तिचे रोजे सुरू झाले.

पहिल्यांदा एका सकाळी. शालनबाईनं भिंतीवरून भाकरी आन् ठेचा पुढं केला. ताजुन्निसानं हात मागं घेतला. "नगं आक्का. आज रोजा हाय."

"बरं बरं." शालनबाईनं ताट ओढून घेतलं. उपास करणाऱ्या बाईसमोर अन्न धरणं म्हणजे पाप, एवढं तर लेकरालाही ठाऊक असतं.

दोन दिवसांनी पुन्हा. "आज बी रोजा?"

"नवस केलाय. कडक हाय."

शालनबाईला त्यात काही नवल वाटलं नाही. ती स्वतः सोमवार धरायची, एकादशी धरायची, चतुर्थी धरायची, आन् एकदा सुनेशी भांडून मंगळवारही धरला होता. त्यांच्यातही असतील असेच वार. उलट तिला ताजूबद्दल आदर वाटायला लागला. मग तिनं विचारायचंच सोडलं. उगीच बिचारीचा उपास मोडायला नको म्हणून भिंतीवर वाटी ठेवायचीच सोडली. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या भिंतीवर आठ-आठ दिवस काही ठेवलं गेलं नाही, तिथं चिमण्या बसायला लागल्या. आन् शालनबाईच्या मनात हेच, की आपण मैत्रिणीचा नेम पाळायला हातभार लावतोय.

ताजुन्निसा वाळत चालली. "बारीक झालीस गं," शालनबाई म्हणाली.

"म्हातारपनी नवऱ्याला आवडावं म्हून," ताजुन्निसा म्हणाली. दोघी हसल्या. हसताना ताजुन्निसानं भिंतीला हात टेकवला होता.

चैत्र सरत आला. इनायतभाई बांगडीवाले दारी आले. म्हातारे गृहस्थ, गावोगाव फिरून दोन पिढ्यांच्या बायकांना बांगड्या भरलेल्या. कुणाचा हात किती मापाचा ते त्यांना बघावं लागत नसे. शालनबाईच्या हातात बांगडी चढवता चढवता ते म्हणाले, "ताई, तुमची शेजारीण आजारी हाय का काय?"

"न्हाई तर. का वो?"

"आत्ताच तिच्या दारावरनं आलो. दोन-आठचा हात तिचा, मी सोता भरतो. घातलेल्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्यात. म्हनलं लहान मापाच्या देतो, तर नगं म्हनली. ताप बी दिसला."

"रोजे चाललेत तिचे. लई कडक."

इनायतभाईंचा हात थांबला. "कसले रोजे?"

"तुमच्यातले."

"ताई, रमजान होऊन सहा म्हैने झाले. तुमच्या दिवाळीबरूबर न्हवती का ईद? इसरलासा?"

शालनबाई विसरली नव्हती. जिभेवर शिरखुर्म्याची चव आली, खोटं नाही सांगत, अगदी वेलदोड्यासकट. तरी ती म्हणाली, "नवसाचे असतील."

"असत्यात की. एक, दोन. रोज रोज दीड म्हैना कोन धरतं? आन् रोजा सोडायला सांजच्याला तरी खावं लागतं का न्हाई? त्या घरात चूल कवा पेटती, बगितली का तुमी?"

अर्धवट चढलेली बांगडी तिच्या मनगटावर फुटली. ती उठली. भिंत ओलांडून गेली, पन्नाशीची बाई, पदर कुठं आन् आपण कुठं.

आत ताजुन्निसा वाकळेवर पडली होती. अंगाची भट्टी झालेली. छाती वाजत होती. परवीन, तिची थोरली, बारा वर्षांची, कपाळावर पाण्याची घडी ठेवत होती. धाकटी कोपऱ्यात बसून अर्धी भाकरी चघळत होती. चुलीजवळ गाडगं. दाणे रेघेला एक बोट कमी.

"कवापासनं?" शालनबाईनं विचारलं.

"ताप परवापासनं," परवीन म्हणाली. मग खाली मान घालून, "अम्मी आमाला वाडायची. तिची भाकर करायच्या आदी तेवढं दानं ती त्यात टाकायची. म्हनायची, माजं पोट भरलं."

"अगं, पन त्यातलंच मूठभर काढून शिजवायचं न्हाई का?"

परवीननं तिच्याकडं असं बघितलं, जसं काही शालनबाईच काही तरी वाईट बोलली होती. "ते काढलेलं हाय, मावशी."

शालनबाई घरी धावली. तांदळाची पेज शिजेपर्यंत तिनं चुलीत कपडे धुवायची काठीही घातली म्हणतात. आबाजींना सायकलवर कुसुमताईंकडं पिटाळलं. पेज घेऊन परत आली, परवीननं वाटी पुढं केली, तीच पोचा आलेली. ताजुन्निसाचं डोकं मांडीवर घेतलं.

"ताजू, ऊठ. आज रोजा न्हाई."

ताजुन्निसानं डोळे किलकिले केले. "कोन म्हनतं?"

"इनायतभाई म्हनतो."

"त्याला काय कळतंय. बांगड्या इकतोय."

"मला बी काय कळलं न्हाई गं. मी बी नुसती रेघा मारतीय."

ताजुन्निसानं तोंड उघडलं. शालनबाईनं एक घास भरवला, मग दुसरा. ताजुन्निसानं तो सावकाश गिळला, ओठ चाटले आन् म्हणाली, "मीठ कमी हाय, आक्का."

सांजेच्या आत कुसुमताईंची गाडी आली, क्लबातले डॉक्टर आले. दवाखान्यात नेलं. रहिमान शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी आला, तेव्हा दारात गल्ली उभी होती आन् त्याच्या हातात डबा वाजत होता. तो तसाच डब्यासकट दवाखान्याकडं पळाला.

तिसऱ्या दिवशी पहाटे ताजुन्निसा गेली. डॉक्टर म्हणाले, निमोनिया. मग चष्मा पुसत म्हणाले, "एवढा ताप धडधाकट माणूस अंगावर काढतो. यांच्या अंगात झगडायला काही शिल्लकच नव्हतं."

शनिवार आला. शालनबाईच्यानं पोतं हातात धरवेना. ती ओट्यावर बसून होती, आबाजींशेजारी, पहिल्यांदाच. तेवढ्यात रहिमान आला. दोन्ही हातांत गाडगं धरलेलं, तोंडाला फडकं बांधलेलं.

"आक्का, हे न्यायचं राहिलं तुमचं."

"रहिमानभाऊ, पोरींना घाला वो ते. पाया पडते."

"तिनं काढलंय ते," रहिमान म्हणाला. "मी कसं घालू? तुमी घ्या. जिथं जायाचं हाय तिथं जाऊ द्या." त्यानं गाडगं तिच्या पायाशी ठेवलं. जाता जाता वळून म्हणाला, "बगून घ्या. वाटी न्हाई त्यात."

टोमणा म्हणून म्हणाला नाही. बिचाऱ्याला वाटलं, हिला खात्री करून घ्यायची असेल. शालनबाईनं गुडघ्यात डोकं घातलं. आबाजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तोही पहिल्यांदाच.

दुपारी ती ते गाडगं घेऊन केंद्रावर गेली. तोंड फिरवून रिकामं केलं. पेज वाढताना तिनं कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही, नुसत्या ताटांकडं. मग गावात आली आन् विटेचा तुकडा घेऊन घरोघर रेघा घासायला बसली. भाजलेल्या मातीत गेरू मुरलेला, निघता निघत नव्हता. बाहेरून निघाला, आतून जाईना. हाताची सालटी निघाली, तळवे तांबडे झाले. कुणी विचारलं नाही. अंबुबाई तेवढी आली, शेजारी बसली, दुसरा तुकडा घेतला आन् आपल्या नातीच्या घरचं गाडगं घासायला लागली.

चारच्या सुमाराला पायऱ्यांवर बायका जमल्या. कुसुमताई म्हणाल्या, "शालनबाई, आज नावं नाही वाचली तरी चालेल."

"एकच वाचायचं हाय," शालनबाई म्हणाली आन् उभी राहिली.

तिनं सगळं सांगितलं. वाटीचं सांगितलं, रिकाम्या डब्याचं सांगितलं, रोज्यांचं सांगितलं. म्हणाली, तिनं वाटी पालथी घातली ती मला फसवायला न्हाई, माज्यापासनं अब्रू वाचवायला घातली, आन् मी ती वाटी सगळ्यांम्होरं वाजवली. पण काय झालं ठाऊक आहे? जिच्या आवाजाला ट्रक थांबायचे, तिचा आवाज पहिल्या पायरीच्या खालीसुद्धा गेला नाही. मागच्या बायका एकमेकींना विचारत होत्या, "काय म्हनली? काय म्हनली गं?" पुढचीनं मागचीला सांगितलं, तिनं तिच्या मागचीला, आन् असं करत करत ते शेवटपर्यंत पोचलं. शेवटपर्यंत पोचलं तेव्हा पटांगणात कुणी खोकतही नव्हतं.

रेघ गेल्यावर धान्य कमी झालं. पेज पातळ झाली. तरी केंद्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत चाललं, आन् कुणाच्या गाडग्यात किती होतं ते कुणालाच कळलं नाही. क्लबानं रहिमानला कुठं तरी चिकटवून दिलं. पोरींच्या दोन वेळच्या भाकरी भिंतीवरून जायच्या, परवीनचं लग्न होईपर्यंत. परवीन दर वेळी रिकामी वाटी धुऊन परत द्यायची. शालनबाईचा आवाज मात्र परत आला नाही. म्हैससुद्धा तिच्या हाकेला वळेना.

आता शपथेचं.

सगळं खरं सांगितलं. ट्रकचं खरं, बांगडी फुटल्याचं खरं, त्या विटेच्या तुकड्याचंही खरं. एक तेवढं नाही. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल, आन् दर खेपेला त्या जागेशी आले की माझ्यानं राहवत नाही, मी ताजुन्निसाला दोन घास खाऊ घालते. मीठ कमी हाय असं तिच्या तोंडून म्हणवते. ती काही म्हणाली नव्हती. शालनबाई पेज घेऊन आली तेव्हा ताजुन्निसाचे डोळे उघडे होते, पण ती कुणाला ओळखत नव्हती. वाटी ओठाला लावली. पेज गालावरून ओघळून वाकळेत गेली.